पाला माशाची वाट

राजेरजवाड्यांचा इतिहास ऐकण्याची आपल्या कानांना सवय आहे. लढाया, तह, राज्यारोहणे यांच्या तारखा आपण शाळेत घोकल्या. एखाद्या माशाचा इतिहास सांगावयाचा म्हटले, तर काही श्रोत्यांच्या भुवया वर जाणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या माशाला एका देवाच्या वाहनाचा मान मिळाला, ज्याच्या चवीपायी घरची लक्ष्मीसुद्धा विकावी असे म्हणण्यापर्यंत लोकांची मजल गेली, आणि ज्याच्या वाटेवर गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे एकामागून एक सरकारे दगडी दारे बसवीत आली, त्याची हकीगत ही वस्तुतः माणसांच्याच कारभाराची हकीगत आहे. ती नीट तपासली म्हणजे नदी कोणाची, आणि तिच्या रक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. आजच्या विवेचनाचा रोख त्या प्रश्नाकडेच आहे.

हा मासा म्हणजे पाला. नाव ऐकून कोणाला झाडपाल्याची आठवण होईल, पण आपल्या मुंबईच्या बाजारात त्याचे नाव हेच आहे, आणि भिंग हा त्याचा सख्खा भाऊबंद. बंगाल्यात तो इलिश, सिंधमध्ये पल्लो, भडोचकडे चाकसी किंवा मोदार, आणि गोदावरीच्या मुखाशी तेलुगू मुलखात पुलसा. इंग्रजी अमदानीत ‘हिल्सा’ हे नाव रूढ झाले. इ. स. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. आणि शास्त्रीय नावात त्याने बंगाली ‘इलिश’ हाच शब्द गुंफला. रुपेरी, चपट्या अंगाचा, पोटाच्या कडेला करवतीसारखे खवले असलेला, अतिशय तेलकट आणि तितकाच काटेरी असा हा मासा आहे. खाणाऱ्याची परीक्षा पाहणारा आणि उत्तीर्ण झालेल्याला भरघोस बक्षीस देणारा, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

त्याच्या आयुष्याची एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिला पाऊस कोसळला की ओढ्यातून, खाडीतून मासे उलट्या प्रवाहाने वर शेतांत शिरतात. त्यांना आपण ‘चढणीचे मासे’ म्हणतो. कोठे ‘वलगण’ म्हणतात. पाला हा असाच चढणीचा मासा आहे. फरक एवढाच, की त्याची चढण शेताच्या बांधापाशी संपत नाही. ती शेकडो कोसांची असते. तो वाढतो समुद्रात. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ, गोडे पाणी समुद्रात उतरू लागले की थव्याथव्यांनी नदीच्या मुखाशी जमतो, प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि गोड्या पाण्यात अंडी घालतो. एका मोठ्या मादीच्या पोटात दहा-वीस लाखांपर्यंत अंडी असू शकतात. ती सुमारे एका दिवसात फुटतात. पिले काही महिने नदीत राहून बोटा-दोन बोटांची होतात, मग वितीएवढी होऊन समुद्राकडे उतरतात, आणि मोठी झाली की पुन्हा नदीकडे येतात. म्हणजे या प्राण्याला दोन घरे आहेत, आणि दोहोंच्या मधला रस्ता मोकळा असेल तरच त्याचा वंश चालतो. रस्ता बंद झाला की जाळे न टाकताही तो नाहीसा होऊ शकतो.

जुन्या काळी हा रस्ता किती लांब होता? गंगेतून पाला अलाहाबादपर्यंत नित्य जाई. यमुनेत शिरून आग्र्यापर्यंत आणि क्वचित दिल्लीपर्यंतही तो गेल्याचे दाखले आहेत. सिंधू नदीतून तो मुलतानच्या बाजूला पोहोचे. ज्यांनी समुद्र जन्मात पाहिला नाही अशा लोकांच्या ताटात समुद्राचा हा पाहुणा दरवर्षी न चुकता येत होता.

साहजिकच लोकांच्या आचारविचारांत त्याने घर केले. हिंदू वारसाहक्काच्या वादात ‘मिताक्षरा’ आणि ‘दायभाग’ ही दोन नावे आपल्यापैकी वकील मंडळींच्या तोंडी असतात. त्यांपैकी दायभागाचा कर्ता जीमूतवाहन हा बंगाल्यातील पंडित. सुमारे बाराव्या शतकातल्या त्याच्या लिखाणात इल्लिस माशाचा आणि त्याच्या तेलाचा उल्लेख येतो. इ. स. १३५१ साली महंमद तुघलक बंडखोरांचा पाठलाग करीत सिंधमधील ठठ्ठ्याजवळ आला. मोहरमच्या आशुराचा उपास सोडताना त्याने मासा खाल्ला, तो त्याला मानवला नाही, तापाने उचल खाल्ली आणि त्यातच तो गेला, असे बरनी या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तो मासा पल्लोच होता, अशी लोकपरंपरा आहे. इतका तेलकट मासा उपाशी पोटी आणि दुखण्यातून उठताना खाल्ला, तर सुलतान काय आणि रयत काय, परिणाम सारखाच!

सिंधमध्ये तर पल्लो हा नुसता खाद्यपदार्थ राहिला नाही. सिंधी हिंदूंचे आराध्य दैवत झुलेलाल माशावर आरूढ झालेले असते, आणि तो मासा पल्लो होय. फाळणीनंतर सिंधी बांधव उल्हासनगरला, पिंपरीला येऊन वसले, तेव्हा हा देव त्यांच्याबरोबर आला. आपण त्या वस्त्यांत गेलो तर पांढऱ्या दाढीचा, कमळावर बसलेला हा वृद्ध देव आणि त्याच्या आसनाखाली पाण्यात पोहणारे मासे भिंतीभिंतीवर दिसतात. सिंधूच्या पात्रात, रोहडी-सक्करच्या जवळ एका बेटावर ख्वाजा खिज्र किंवा जिंदा पीर याचे स्थान आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्याला मानीत. पल्लो समुद्रातून निघतो तो या पिराच्या दर्शनाला, आणि परतताना त्या स्थानाकडे शेपूट करीत नाही, असा कोळ्यांचा विश्वास होता. त्या काळच्या इंग्रज प्रवाशांनी सिंधी कोळ्यांच्या मासेमारीचे मोठे मजेदार वर्णन केले आहे. मातीच्या मोठ्या थोरल्या मडक्याच्या तोंडावर पोट टेकून कोळी प्रवाहात तरंगत जाई, हातातील काठीच्या टोकाला जाळे लावलेले असे, आणि सापडलेला मासा पोटाखालच्या त्याच मडक्यात जाई. नाव, वल्हे आणि टोपली या तिघांचे काम एका मडक्यात भागत असे.

लोकांनी या माशाला जपण्याचे काही नियमही पाळले होते. बंगाल्यातील पुष्कळ घरांत आश्विनातील लक्ष्मीपूजेनंतर इलिश खाणे बंद होई आणि वसंतपंचमीला सरस्वतीपूजेच्या दिवशी इलिशची जोडी आणून पुन्हा सुरू होई. या मधल्या काळात पिले नदीत वाढत असतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपूर्वी कोळी समुद्रात होडी घालीत नाहीत, त्याच जातीची ही चाल आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात मत्स्यशास्त्र होते असा दावा मी करणार नाही. तथापि, आचार टिकला आणि त्याने काम केले, एवढे म्हणावयास हरकत नाही.

येथवरचा इतिहास माणूस आणि मासा यांच्यातील जुन्या व्यवहाराचा झाला. यानंतर व्यवहारात तिसरा पक्ष येतो, तो म्हणजे इंजिनियर.

सर आर्थर कॉटन हे नाव दक्षिणेत आजही आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १८३३ च्या सुमाराच्या दुष्काळात आंध्र किनाऱ्यावर माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. नदीचे पाणी डोळ्यांदेखत समुद्राला जात असता शेते करपावीत, हे कॉटनला सहन झाले नाही. त्याने १८३६ साली कावेरीच्या कोलेरून या शाखेवर बंधारे बांधले. पुढे १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर धवळेश्वरम् येथे मोठा बंधारा घातला. त्या बंधाऱ्याने गोदावरीचा त्रिभुज प्रदेश हिरवागार केला. गावोगावी कॉटनचे पुतळे उभे राहिले, ते कोणी हुकूम काढला म्हणून नव्हे. परंतु त्याच बंधाऱ्याने नदीला आडवी भिंत घातली. गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते, आणि विदर्भातील वर्धा-वैनगंगेचे पाणी प्राणहितेच्या रूपाने तिला मिळते. हे तांबडे पुराचे पाणी समुद्रात उतरले म्हणजे त्याच्या वासाने पाला वर चढतो. समुद्रात असतो तोवर त्याला फारशी किंमत नसते. गोदावरीचे पाणी प्यायला की तो ‘पुलसा’ होतो. मंगळसूत्र विकावे पण पुलसा खावा, अशा अर्थाची म्हण त्या भागात आहे. त्या पुलशाची चढण बंधाऱ्यापाशी थांबली. आज त्याची आवक इतकी रोडावली आहे, की एकेका माशाला हजारो रुपये मोजावे लागतात.

ही गोष्ट सरकारच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. डॉ. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या फौजेतील शल्यवैद्य. माशांचा त्याला जबर नाद होता. १८७१ साली सरकारने त्याला हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर-जनरल नेमले. त्याने देशभर हिंडून, कलेक्टरांना आणि तहसिलदारांना प्रश्न पाठवून १८७३ साली गोड्या पाण्यातील माशांवर मोठा अहवाल सादर केला. पाटबंधाऱ्यांच्या भिंतींनी चढणीच्या माशांची वाट तुटते, भिंतीच्या पायथ्याशी अडलेले अंड्यांवर आलेले मासे सहज मारले जातात, म्हणून बंधाऱ्यांतून वाट ठेवावी, जाळ्यांच्या आसांना किमान माप ठरवावे, पिले मारू नयेत, अशी त्याच्या सांगण्याची दिशा होती. म्हणजे धोक्याची सूचना मिळाल्याला आज दीडशे वर्षे उलटली.

या सूचनेचे काय झाले? चोवीस वर्षांनी, १८९७ साली, हिंदुस्थानचा मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. या कायद्याने सुरुंगाच्या दारूने आणि विषाने मासे मारण्यास बंदी केली. नदीत रोवलेली जाळी, मासे धरण्यासाठी घातलेले बांध, जाळ्याच्या आसांचे माप यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याची मुभा दिली. या तरतुदी वाईट नव्हत्या. पण त्या कोणावर लागू होतात, ते पाहा. कोळ्याने बांबू आणि काटक्यांचा बांध घातला तर तो कायद्याच्या कक्षेत आला. सरकारने चुना-दगडांचा बांध घातला तर तो कक्षेबाहेर राहिला. ज्याच्या हाती जाळे त्याला नियम, आणि ज्याच्या हाती दार त्याला मोकळीक, ही वाटणी येथे प्रथम कायदेशीर झाली. पुढचा सगळा इतिहास या वाटणीच्या छायेत घडला आहे.

इंजिनियर आणि शास्त्रज्ञ यांनी काहीच उपाय केले नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. विलायतेत सॅमन नावाचा मासा असाच समुद्रातून नदीत चढतो. तो पाण्यातून उड्या मारतो, म्हणून बंधाऱ्यांना पायऱ्यापायऱ्यांचे हौद जोडून त्याच्यासाठी ‘शिडी’ करीत. तीच शिडी इकडे आली. पण पाला हा उडी मारणाऱ्यांपैकी नाही. तो थव्याने, भर प्रवाहातून जाणारा मासा आहे. अरुंद शिडीला तो वाट समजत नाही. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्या अंगावर चढविण्यासारखे ते झाले. मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकाराने मत्स्यखाते उभे राहिल्यावर, १९०९ च्या सुमारास कोलेरूनवर पाल्याची अंडी कृत्रिम रीतीने फळविण्याचे प्रयोग झाले. अंडी फुटत, पण त्यातून नदी पुन्हा भरली नाही. पाल्याला हाताळणी सोसत नाही. पाण्याबाहेर काढल्यावर तो काही क्षणांत मरतो. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी रोहू-मृगळ जातीच्या माशांना टोचणी देऊन तळ्यात प्रजोत्पादन करण्याची युक्ती साधली, आणि देशभर मत्स्यशेती फोफावली. पाल्याच्या बाबतीत तसे घडले नाही. त्याला तळे चालत नाही, नदीच लागते.

तो अंडी नेमकी कोठे घालतो, याचा शोध लागण्यासही बराच काळ गेला. डॉ. सुंदरलाल होरा या विख्यात मत्स्यशास्त्रज्ञांनी १९३८ ते १९४० च्या सुमारास हुगळीचा अभ्यास केला. तेव्हा पाल्याची इवली पिले त्यांना कलकत्त्याला पाणी पुरविणाऱ्या पलता येथील जलकेंद्राच्या हौदांत सापडली. शहराला पिण्यासाठी उचललेल्या नदीच्या पाण्याबरोबर ती आत आली होती! नगरवासीयांनी मनात ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे. ज्या नळाचे पाणी आपण पितो त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी घर असते.

इकडे भिंती वाढतच होत्या. १९३२ साली सिंधूवर सक्करचा प्रचंड बंधारा सुरू झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॉईड यांचे नाव त्या बंधाऱ्याला मिळाले. म्हणजे जिंदा पिराच्या दर्शनाला निघालेल्या पल्लोच्या वाटेत जी पहिली मोठी दारे आली, ती आपल्या मुंबई सरकारच्या कारभारातली होती. १९३४ साली कावेरीवर मेट्टूरचे धरण पुरे झाले. पुराचे पाणी धरणात कोंडले गेले आणि खालच्या पात्रातील पाल्याची चढण क्षीण होत गेली. १९५५ साली, पाकिस्तान झाल्यावर, सिंधूच्या मुखाजवळ कोटरीचा बंधारा झाला. तेव्हापासून पल्लोची वाट कोटरीपाशीच संपली; पावसाळ्याबाहेर तर खाली समुद्रापर्यंत वाहायला पाणीच उरेना. दर्शन चुकले ते कायमचेच.

सर्वांत मोठा घाव गंगेवर बसला. हुगळीत गाळ साचून कलकत्त्याचे बंदर निकामी होत होते. गंगेचे पाणी वळवून हुगळीत सोडावे आणि गाळ धुऊन काढावा, ही कल्पना मूळ आर्थर कॉटनचीच, १८५३ सालची. ती सव्वाशे वर्षांनी प्रत्यक्षात आली. २१ एप्रिल १९७५ रोजी फरक्क्याचा बंधारा कामास लागला. लांबी सव्वादोन किलोमीटर, दारे १०९, आणि हुगळीकडे पाणी नेणारा सुमारे ३८ किलोमीटरचा कालवा. माशांना वर नेण्यासाठी दोन्ही टोकांना दारे असलेले हौद त्यात ठेवलेले होते. पाल्याने त्यांचा उपयोग केला नाही. काही वर्षांतच फरक्क्याच्या वर पाला जवळजवळ दिसेनासा झाला. पाटणा, बक्सर, अलाहाबाद येथील मल्लांच्या जाळ्यांतून शेकडो वर्षांचा नेमाने येणारा पाहुणा गेला. त्या मल्लांना कोणी विचारले नव्हते, आणि मागाहून त्यांची भरपाईही कोणी मोजली नाही. १९९६ साली भारत आणि बांगलादेश यांच्यात गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला. जानेवारीपासून मेअखेरपर्यंतच्या टंचाईच्या दिवसांत कोणी किती पाणी घ्यावे, हे त्यात दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने ठरले. वाटणी पाण्याची झाली. पाण्यातून जाणाऱ्याच्या वाटेचा विचार राहून गेला.

यावर कोणी विचारील, की मग बंधारे बांधूच नयेत काय? दुष्काळात माणसे मरू द्यावीत, आणि पाला चढत राहावा? असा प्रश्न उभा करणे सोपे आहे, पण तो खरा नाही. कॉटनच्या बंधाऱ्याने लाखो तोंडांना भात दिला, हे कबूल न करणारा मनुष्य कृतघ्न ठरेल. खरा प्रश्न हिशेबाचा आहे. बंधाऱ्याच्या जमेच्या बाजूला भात, ऊस, वीज, बंदर ही सर्व मांडली गेली. नावेच्या बाजूला कोळ्याची उपजीविका कधी मांडलीच गेली नाही. आणि मासा कमी झाल्याची ओरड झाली, तेव्हा वसुलीची नोटीस मात्र त्याच कोळ्याच्या दारी गेली: तुझे जाळे बारीक, तू पिले मारतोस, तू थांब.

तो पिले मारीत नाही, असेही नव्हे. पाल्याच्या पिलांना बांगलादेशात ‘जाटका’ म्हणतात. नदीकाठच्या गरीब कोळ्याला वर्षाच्या वाईट महिन्यांत जाटकाखेरीज दुसरे काही मिळत नाही. बाजारात तो खपतो, कारण मोठा इलिश घेण्याची ऐपत नसलेले गिऱ्हाईक तिथे असते. अंड्यांनी भरलेल्या मादीला भाव चढा, कारण शहरातील शौकिनांना गाभोळी हवी असते. १९५० साली पूर्व बंगालने मत्स्यरक्षणाचा कायदा केला. पण कागदावरचा कायदा आणि पोटातली भूक यांच्या लढ्यात कागद जिंकत नाही. नदीतली आवक घटत गेली, आणि २००२-०३ साली त्या देशाचे इलिशचे उत्पादन दोन लाख टनांच्या खाली होते.

येथे या इतिहासाला एक वेगळे वळण मिळाले, आणि ते आपण नीट अभ्यासण्याजोगे आहे. २००३ साली बांगलादेशाने इलिशसाठी स्वतंत्र कृतियोजना आखली. २००५ पासून मेघना, तेतुलिया, आंधारमाणिक, पद्मा यांच्या पात्रांत पिलांच्या वाढीचे टप्पे निवडून तेथे वर्षातील दोन-तीन महिने मासेमारी बंद केली. नोव्हेंबर ते जून या काळात जाटका धरण्यास, वाहण्यास, विकण्यास मनाई झाली. आश्विनी पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे मादी अंडी घालण्याच्या दिवसांत, आधी दहा-अकरा दिवस, मग पंधरा आणि २०१६ पासून बावीस दिवस साऱ्या देशात इलिशची मासेमारी बंद राहू लागली. जुन्या घरांतील लक्ष्मीपूजेचा नेम सरकारी फर्मान होऊन परत आला, असे वाटावे.

बंदी तर पूर्वीही होती. नवे काय होते? नवे हे, की बंदीच्या महिन्यांत कोळ्याच्या घरी तांदूळ जाऊ लागला. जाटकाबंदीच्या चार महिन्यांत नोंदलेल्या कुटुंबाला महिन्याला ४० किलो तांदूळ, असे प्रमाण ठरले, आणि दोन लाखांहून अधिक कुटुंबांपर्यंत ते पोहोचले. काहींना शिलाईयंत्र, शेळी, हातगाडी अशी दुसऱ्या धंद्याची साधने मिळाली. मासा राखावयाचा तर माशावर जगणाऱ्याला राखले पाहिजे, हे तत्त्व एका गरीब राष्ट्राने आपल्या तिजोरीतून मान्य केले. २०१६-१७ साली इलिशचे उत्पादन सुमारे पाच लाख टनांवर गेले. २०२२-२३ मध्ये ते ५ लाख ७१ हजार टन झाले. २०१७ साली ‘बांगलादेश इलिश’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या यशाचे चित्र सोन्याच्या चौकटीत बसविण्याची घाई मात्र करू नये. वाढीत समुद्रातल्या वाढत्या नावांचाही वाटा आहे. तांदूळ उशिरा येतो, कमी भरतो, आणि यादीत नाव नसलेली घरे पुष्कळ आहेत. तांदळाबरोबर तेल-मीठ लागते, त्याची सोय नाही. सावकाराचे आगाऊ कर्ज, ज्याला तेथे ‘दादन’ म्हणतात, त्याचा हप्ता बंदीच्या दिवसांतही थांबत नाही; म्हणून माणूस रात्री जाळे घेऊन बाहेर पडतो आणि तुरुंगात जातो. २०२३-२४ मध्ये उत्पादन पुन्हा ५ लाख २९ हजार टनांपर्यंत उतरले. नदीमुखांत साचणारा गाळ, गोड्या पाण्याचा तुटवडा आणि कारखान्यांची घाण यांवर तांदळाचे पोते हा उपाय नव्हे.

आपल्या देशातही हालचाल झाली आहे. पश्चिम बंगालने २३ सेंटिमीटरहून लहान इलिश धरण्यास बंदी केली, जाळ्याची आस ९० मिलिमीटरपेक्षा लहान नसावी असे ठरविले, आणि २०१३ साली हुगळी-भागीरथीच्या काही टप्प्यांना व सुंदरबनातील नद्यांना अभयक्षेत्रे म्हणून जाहीर केले. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था फरक्क्याच्या वरच्या पाण्यात पाला सोडून, त्याला खुणेच्या चकत्या लावून तो कोठे जातो याचा माग काढू लागली. २०१९ साली फरक्क्याला नावांसाठी बांधावयाच्या नव्या दाराचा उपयोग माशांनाही व्हावा, चढणीच्या दिवसांत रात्रीचे काही तास ते अंशतः उघडे राहावे, असा विचार सरकारने जाहीर केला. १८७३ साली डे याने दाराकडे बोट दाखविले होते. दारवाल्याने निदान दाराचा विचार बोलून दाखवावा, यास जवळपास दीड शतक लागले.

दुसरीकडे नर्मदेची कथा पाहा. भडोचच्या खाडीत पावसाळ्यात चाकसीचा हंगाम म्हणजे कोळ्यांची दिवाळी. वर धरणे झाली, खाली येणारे गोडे पाणी घटले, खाडीचे पाणी खारे होत गेले आणि हंगाम सुकत चालला. त्यावर २०१७ साली नर्मदेच्या मुखाशी भाडभूत येथे बंधाऱ्याची पायाभरणी झाली. गोडे पाणी साठावे आणि समुद्राचे खारे पाणी वर चढू नये, हा त्याचा हेतू आहे. भडोचच्या शेतकऱ्याला आणि नगरवासीयाला तो हवासा वाटेल, हे समजण्यासारखे आहे. पण खाऱ्या पाण्याला बंद केलेले दार पाल्यालाही बंद होते, आणि म्हणून भाडभूतच्या कोळ्यांनी त्याला हरकत घेतली. कोलेरूनवर १८३६ साली जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो आज निदान विचारला जात आहे.

श्रोतेहो, या सगळ्या हकिगतीतून निघणारे तात्पर्य अवघड नाही. पाल्याला तीन गोष्टी लागतात: चढण्यापुरते पाणी, मोकळी वाट, आणि पिले मोठी होईपर्यंतची सवड. यांतली सवड तेवढी कोळ्याच्या हातात आहे, आणि ती देण्याचा त्याचा खर्च समाजाने उचलला तर तो देतो, हे बांगलादेशाने दाखविले. पाणी आणि वाट या दोन गोष्टी पाटबंधारे खात्याच्या, बंदराच्या, कारखान्याच्या, आणि त्या सर्वांच्या मागे उभ्या असलेल्या आपल्यासारख्या नगरवासीयांच्या हातात आहेत. पुरातील काही पाणी ठरवून समुद्राकडे सोडणे, चढणीच्या आठवड्यांत दारे वर ठेवणे, नवी भिंत घालताना तिथल्या माशाच्या अंगाला मानवेल अशी वाट आराखड्यातच काढणे, आणि नदीवर जगणाऱ्याची उपजीविका हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर मांडणे, ही कामे एकट्या कोळ्याला जमणारी नाहीत. ती आपण मागितली तर होतील. बाजारात वितीएवढा पाला आणि गाभोळीची मादी नाकारणे हे तर आजच्या आज आपल्याला करता येईल.

चढणीचा मासा कोणाकडे तक्रार करीत नाही. वाट बंद दिसली की तो भिंतीशी घुटमळतो, आणि पुढच्या वर्षी त्यांतले थोडे कमी येतात. कावेरीचे, सिंधूचे, गंगेचे लोक अशा रीतीने त्याला विसरून गेले. गोदावरी आणि नर्मदा यांच्या मुखाशी तो अजून येतो आहे. तो येतो आहे तोवरच त्याच्यासाठी काही करण्याला अर्थ आहे.